पांढऱ्या धाग्याचं बी

राजूरच्या गणपतीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावरून डावीकडे उतरलं की धनगरांची थोडी घरं लागतात. त्यातलं शेवटचं घर कडूबाईंचं. पुढे बांधलेल्या शेळ्या, एक खाट, खाटेवर बहुधा त्यांचे यजमान काकासाहेब, आणि घरामागे परसात टोमॅटोचे वाफे. कडूबाईंकडे आलेलं माणूस पुढच्या दाराने आत शिरतं आणि थेट मागच्या दाराने बाहेर पडतं. मधल्या खोलीत कोणी बसायला आल्याचं काकासाहेबांना तरी आठवत नाही.

बायका येतात त्या हातात रोप घेऊन. जालना जिल्ह्यात बियाण्याच्या पाकिटांना काही तोटा नाही, पण घरचं बी धरून ठेवणारी माणसं अजून आहेत, आणि घरच्या बियाण्याचा एकच वांधा असतो. ते कोणतं, हेच पुढे कोणाला सांगता येत नाही. लेक माहेरून पुरचुंडी आणते, जाऊ तिच्यातलं चिमूटभर मागून नेते, नाव तोंडातोंडी बदलत जातं आणि चार घरं फिरेपर्यंत आंबट भेदराचं गोड भेदरं होऊन बसतं. टोमॅटोला या भागातली जुनी माणसं भेदरं म्हणतात, आणि कडूबाई तर दुसरा शब्दच वापरत नाहीत.

रोप हातात आलं की कडूबाई त्याचं एक पान चुरगळत, डोळे मिटून वास घेत, देठावरच्या लवेवरून अंगठ्याचं नख उलटं फिरवत, आणि मग निकाल देत. "द्वारके, हे तुझ्या सासूचं बी न्हाई. तुझ्या सासूच्या भेदराला असा वास कधीच नव्हता. कोणाच्या तरी वाफ्यात तुझी पुरचुंडी बदलली." शेजारच्या द्वारकाबाई मग सासूला सोडून जावेच्या नावाने बोटं मोडीत घरी जात. कडूबाई चुकत नसत असं नाही. चांगल्या चुकत. आणि चुकल्या की संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलत नसत, काकासाहेबांना भाकरीसुद्धा न बोलता वाढत. काकासाहेब घरजावई. त्यांनी बोलण्याची वाट पाहायची सवय लग्नातच लावून घेतली होती.

ही विद्या कडूबाईंच्या आईची, मंजुळाबाईंची. मंजुळाबाईंच्या घरात दोन जातींची भेदरं होती. एक बारीक कातरलेल्या पानाचं, वाटोळ्या फळाचं, चटणीला चांगलं. दुसरं रुंद, सपाट पानाचं, बटाट्याच्या पानाची आठवण यावी असं, आणि त्याचं फळ चपटं, पाकळ्या पाडल्यासारखं, पिकलं तरी देठाशी हिरवं राहणारं. या दुसऱ्याची चव अशी की नुसत्या मिठाबरोबर माणूस भाकरी संपवील. दोन्ही बियाणी राखेत चोळून, वाळवून मंजुळाबाई फडक्यात बांधत, आणि ओळख म्हणून फडक्याला मेंढीच्या लोकरीचा धागा गुंडाळत. वाटोळ्याला पांढरा धागा, चपट्याला काळा. चाती फिरवून धागा त्या स्वतः कातीत. चिठ्ठी उंदीर खातात, लोकर खात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. उंदीर लोकरही खातात हे त्या गेल्यानंतरच्या पावसाळ्यात कळलं. काळ्या धाग्याची पुरचुंडी कुरतडून उंदरांनी बी फस्त केलं, आणि ती जात या घरातून गेली. कडूबाईंनी ते रिकामं फडकं आणि काळा धागा फेकला नाही. देवळीतल्या खिळ्याला तो तसाच टांगलेला होता.

फडक्याची गोष्ट शरयूताईंना ठाऊक होती. शरयूताई जालन्याच्या, एका बँकेत नोकरीला, आणि गच्चीवर जुन्या जातींची भाजी लावण्याचा त्यांना नाद. लोक त्यांना लांबून बियाणं पाठवत, त्यावर झोकदार नावं असत, आणि उगवून यायचं भलतंच. मग रविवारी त्या गाडीत रोपं घालून कडूबाईंकडे येत. दोघींचं बरं जमायचं. एकदा एका रोपावरून दोघींचा वाद झाला, फळ धरल्यावर शरयूताईंचं खरं निघालं, आणि कडूबाईंनी तो रविवार नेहमीप्रमाणे मुक्यानेच काढला. पण दर खेपेला जाताना शरयूताई त्या खिळ्याकडे बघत आणि म्हणत, "मावशी, काळ्या धाग्याचं कुठे मिळालं तर मला आधी सांगायचं हं." कडूबाई म्हणत, "मिळलं असतं तर तुला कशाला, आधी मायला सांगितलं असतं."

माय गेली ती मुलाची वाट बघत गेली. रखमाजी हा कडूबाईंचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या वयात तो एका मोठ्या कळपाबरोबर मेंढरं घेऊन गोदावरीकडे उतरला, घनसावंगीच्या बाजूला, आणि परत आला नाही. कळपवाले दुसऱ्या वर्षी आले, ते म्हणाले पोरगं मधेच दुसऱ्या वाटेनं गेलं. कोणी म्हणालं कर्नाटकात दिसला, कोणी म्हणालं पुण्याला कामावर आहे. वारस हवा म्हणून मायने जावई घरी आणला, आणि कडूबाई माहेरीच राहिल्या. दर भाऊबीजेला त्यांनी अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. ज्या बाईचा भाऊ समोर नाही तिने चंद्राला ओवाळायचं, ही रीत सगळ्यांचीच. कडूबाईंना तो बीजेचा चंद्र आवडत नसे. धड दिसायच्या आत मावळतो, म्हणत.

तो आला तो उन्हाळ्यात, चतुर्थीच्या दिवशी. राजूरला जाणाऱ्या माणसांची रस्त्यावर रीघ होती, अधूनमधून कोणी पाणी मागायला घराकडे वळत होतं. कडूबाई तांब्या घेऊन दारात आल्या तर समोर एक पिकल्या केसांचा, उन्हाने रापलेला माणूस उभा. त्याने पाणी मागितलं नाही. नुसता तळहात पुढे केला. तळहातावर मळकट फडक्याची एक लहानशी पुरचुंडी होती आणि तिला पांढऱ्या लोकरीचा धागा गुंडाळला होता.

कडूबाईंनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. "रखमा?" त्या म्हणाल्या.

माणसाने मान खाली घातली. ती होकाराची होती की कशाची, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. कडूबाईंनी त्याच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की काकासाहेब खाटेवरून उठून बसले, आणि काकासाहेब उठून बसले म्हणजे गोष्ट मोठी आहे हे गल्लीला कळलं.

रखमाजी घरात राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. पाण्याचा रांजण पूर्वी कुठे होता, लिंबावरून पडला तेव्हा मायने हळद कशी भरली, कडूबाईंनी त्याच्या वाटची खारी वडी चोरून कशी खाल्ली आणि मार त्याला कसा बसला. कडूबाईंना तो "आक्के" म्हणे, रखमाजी म्हणायचा तसंच, शेवटचं अक्षर ओढून. काकासाहेबांना तंबाखूला जोडीदार मिळाला. ते म्हणाले, "बराबर मेव्हणाच हाय. येताच माझी पिशवी रिकामी केली." गावाने तोंड गोड करून घेतलं आणि गाव आपल्या कामाला लागलं.

कडूबाईंना मात्र चार-आठ दिवसांतच एक गोष्ट टोचायला लागली. रखमाजी लिंबावरून पडल्याची गोष्ट पुन्हा सांगे तेव्हा ती पहिल्यासारखीच सांगे. तेच शब्द, तिथेच थांबणं, तिथेच हसणं. माणूस आठवण सांगताना दर वेळी काहीतरी नवीन घालतो, जुनं गाळतो. याच्या आठवणीत एक काडी कमी होत नव्हती की जास्त होत नव्हती. आणि आडवा प्रश्न विचारला की तो गप्प. "लिंबावर कशाला चढल्तास रे?" कडूबाईंनी विचारलं, तर तो त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. डोळे असे की परक्याच्या घरात शिरलेलं माणूस जणू दिवा कुठे आहे ते चाचपतंय.

"इतकी वर्षं झाली, इसरला आसंल," काकासाहेब म्हणाले. कडूबाई म्हणाल्या, "हां." पण कापडात एखादा धागा वेगळा लागला की बोट तिथेच जातं, तसं त्यांचं झालं.

मृगात कडूबाईंनी त्याच्या पुरचुंडीतलं बी पेरलं. पेरताना विचारलं, "कोणतं हाय रे हे?"

"पांढऱ्या धाग्याचं," तो म्हणाला. "मायनं दिल्तं ते. दर दोन-तीन वर्सांला पेरून नवं धरलं, म्हून जिवंत राह्यलं."

कडूबाई वाकून माती सारखी करत राहिल्या, कारण त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय होतं ते कोणी पाहू नये असं त्यांना वाटलं.

रखमाजी निघाला ती पहाट कडूबाईंना कालच्यासारखी आठवत होती. चुलीपुढे बसून त्या त्याच्या भाकरी बांधत होत्या. माय पुरचुंडी बांधत होती. पोरगं लांब जातंय, जिथे मुक्काम पडेल तिथे कडेला चार झाडं लावील, आपल्या घरची चव त्याच्या तोंडात राहील, म्हणून तिने जास्त चांगलं, चपट्या भेदराचं बी घेतलं. आणि काळा धागा शोधला तर घरच्या पुरचुंडीला गुंडाळलेला सोडून दुसरा काळा धागा नाही. घरातली होती नव्हती ती काळी लोकर महिनाभर आधी विणकराकडे गेली होती, रखमाजीच्याच घोंगडीसाठी. शेवटी मायने पांढरा धागा गुंडाळला, आणि त्याला काय ते नीट बजावून सांगितलं. चुलीपुढे तिघंच होती. माय, रखमाजी आणि कडूबाई. माय गेली. कडूबाईंनी हे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय.

आता त्यांना दोनच गोष्टींची भीती होती. वाटोळं भेदरं उगवलं तर ही पुरचुंडी मायची नाही आणि हा माणूस भामटा. चपटं उगवलं तर पुरचुंडी मायची. मग मायने बजावलेलं याला कसं ठाऊक नाही?

रोपं वीतभर झाली. पानं रुंद आली, सपाट, कडेला एक कातर नाही. कडूबाईंनी एक पान चुरगळून वास घेतला आणि त्या तिथेच वाफ्याच्या वरंब्यावर बसल्या. मायच्या पदराला यायचा तो वास. आनंदाने रडावं की काय करावं, त्यांना कळेना.

त्या रविवारी शरयूताई आल्या आणि रोपं पाहून लहान मुलीसारख्या नाचल्याच. त्यांनी एकेक झाड तपासलं. म्हणाल्या, "मावशी, हे पान फार हळवं असतं. दुसऱ्या जातीची जरा जरी मिसळ झाली की पुढच्या पिढीत लगेच कातरलेलं पान दिसतं. इथे एकही नाही. म्हणजे ज्याने कोणी हे सांभाळलं, त्याने इतकी वर्षं जिवापाड सांभाळलंय. परकं काही आत येऊच दिलं नाही."

"परकं काही आलं न्हाई," कडूबाई म्हणाल्या. रखमाजी बांधावर बसून ऐकत होता. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

रोपं लागली आणि घरात एक नवंच सुरू झालं. एके दिवशी जेवताना कडूबाईंनी सहज विचारल्यासारखं केलं, "आपल्या काळ्या मेंढीचं नाव काय होतं रे? कान कापलेली ती?" तो आठवत राहिला आणि म्हणाला, "न्हाई याद." त्या दिवशी दिवेलागणीला कडूबाई मागच्या दाराशी आल्या तर तो वाफ्यात उकिडवा बसला होता, रुंद पानांच्या झाडापाशी, पाठमोरा. हळू आवाजात बोलत होता. "मंग?" तो म्हणाला. मग थांबला. मान कलती करून ऐकत राहिला. "आन् नाव?" पुन्हा थांबला. मग हसला, ओळखीचं हसला.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो आपणहून म्हणाला, "बुगडी. त्या मेंढीचं नाव बुगडी."

नाव बरोबर होतं. कडूबाईंनी कपबशी खाली ठेवली. भूतबाधा, अंगात येणं असल्या गोष्टींना त्या एरवी फटकून असत. गल्लीत कोणाच्या अंगात आलं तर या बाई आधी तिला पाणी प्यायला लावत. पण त्या दिवसापासून त्यांनी दिवेलागणीला मागच्या दाराची कडी लावायला सुरुवात केली. काकासाहेब म्हणाले, "अगं, तो बाहेर हाय ना?" कडूबाई म्हणाल्या, "म्हनूनच."

आणि तरी त्या प्रश्न विचारतच राहिल्या. लिंबावर का चढला होतास? मायच्या हातावर काय गोंदलं होतं? निघायच्या आधी माझ्याशी बोलत का नव्हतास? आज उत्तर नसे. उद्या असे, आणि खरं असे. काही उत्तरं तर अशी की कडूबाईंनाही ती ऐकल्यावरच आठवली. त्यांना भीती वाटे आणि उद्याची वाटही पाहावीशी वाटे. इतक्या वर्षांत घरात रखमाजीचा आवाज असा कधी आला नव्हता. फक्त पुरचुंडीबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. तो एक प्रश्न त्यांनी तोंडात धरून ठेवला.

नवरात्रात फळ धरलं. चपटं, पाकळ्यांचं, देठाशी हिरवं. पहिलं फळ कडूबाईंनी चिरलं, मीठ लावलं आणि तिथेच उभ्याने खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या चावत होत्या. इतक्या वर्षांनी आईच्या हातचं खाल्ल्यासारखं वाटलं.

शेजारच्या वाफ्यात घरची वाटोळी भेदरंही पिकली होती. दिवाळीच्या तोंडावर कडूबाईंनी चुलीपाशी बसून सांगितलं, "रखमा, चटणी करायची, चार भेदरं आण. पांढऱ्या धाग्याची आण बरं, काळ्याची नको."

तो गेला आणि आला. ओंजळीतून त्याने चार फळं परातीत ठेवली. चपटी. पाकळ्यांची.

या घरात दोन्ही भेदरं खाऊन वाढलेल्या पोराने चपट्याला पांढऱ्याचं म्हटलं नसतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी नसतं. कडूबाईंनी चटणी वाटली. पाटा जरा जास्तच घासला.

भाऊबीजेच्या दुपारी काकासाहेब जेवून घोरत होते. तो वाफ्याला पाणी देत होता. कडूबाई वरंब्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तू रखमाजी न्हाईस," त्या म्हणाल्या.

त्याने घागर खाली ठेवली. नाकारलं नाही, हात जोडले नाहीत.

"न्हाई," तो म्हणाला. "मी गेनू. पण त्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं न्हाई."

"मंग इथं रखमाजी म्हून कसा राह्यलास?"

"मी कुठं म्हणलो, आक्के? मी बी द्यायला आल्तो. तोंड उघडायच्या आधी तूच नाव ठेवलंस."

कडूबाईंना उन्हाळ्यातली ती दुपार आठवली. तांब्या, तळहात, पांढरा धागा. जन्मभर लोकांच्या रोपांवरची चुकीची नावं काढत आलेल्या बाईने आपल्या दारात उभ्या माणसाला बघताक्षणी चुकीचं नाव चिकटवलं होतं. त्या वरंब्यावरच बसल्या.

तो सांगत गेला. दोघं एका वयाचे, एकाच कळपावर. गेनूला मायबाप नव्हते, सांगायला काही नव्हतं, म्हणून शेकोटीपाशी रखमाजीच बोलायचा. घर, माय, आक्का, लिंब. "पहिल्याच हिवाळ्यात गोदागंगेच्या काठाला त्याला पान लागलं. साप कोणी पाह्यला न्हाई. जाताना त्यानं पुरचुंडी माझ्या हातात दिली. म्हणला, आक्काला नेऊन दे. कळपवाल्यांना भ्याव वाटलं, पोलीस-पंचायत होईल, म्हून त्यांनी तुम्हाला दुसरंच सांगितलं. आम्ही तिथंच माती दिली. त्याची घोंगडी त्याच्यावरच टाकली."

"काळी," कडूबाई म्हणाल्या.

"काळी," तो म्हणाला. "तुम्हाला कसं कळवावं, मला समजंना. पोरगाच होतो मी बी."

कडूबाई रडल्या नाहीत. रडण्याआधी त्यांना एक विचारायचं होतं, आणि बी सांभाळणारी बाई जे विचारील तेच त्यांनी विचारलं. "पहिल्यांदा हे बी कुठं पेरलंस?"

"त्याच्या उशाशी. दुसरी जागा माझी म्हणावी अशी नव्हती. फळ आलं, त्याचं बी धरलं. त्याचं पुन्हा, त्याचं पुन्हा. हे सगळं त्याच झाडाचं."

कडूबाईंनी पदर तोंडावर धरला. जिभेवर ती नवरात्रातली चव परत आली, मिठासकट.

"इतकी वर्सं का न्हाई आलास?" पदराआडून त्या म्हणाल्या.

"दरसाल निघायचो. पण पेरलं की तो बोलतो, आक्के. झाडापाशी बसलं की ऐकू येतं. बी तुला दिलं असतं तर तो बी गेला असता, मंग मला कोण होतं? आता मी थकलो. माझ्यामागं पेरणारं कोणी न्हाई. म्हून आणून दिलं." त्याने डोळे पुसले. "मी जातो. सांजच्याला गाडी हाय."

"आज बीज हाय," कडूबाई म्हणाल्या. "आज कोणी उपाशी जात न्हाई या घरून." त्या उठून घरात गेल्या आणि मग चुलीपुढे बसून खूप रडल्या. काकासाहेबांनी जागं होऊन विचारलं तर म्हणाल्या, "कांदा चिरून राह्यले." समोर कांदा नव्हता. काकासाहेबांनी पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी पश्चिमेला नखाएवढा चंद्र आला. कडूबाईंनी ताट केलं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. पाट मांडलेला होता, पण त्याच्यावर कोणी बसलं नव्हतं. गेनू मागच्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, हातात त्याची पिशवी. कडूबाई ताट घेऊन अंगणात आल्या, चंद्राकडे पाहिलं, आणि हात काही उचलेना. इतकी वर्षं ज्याच्यासाठी चंद्राला ओवाळलं तो पहिल्या हिवाळ्यापासूनच मातीत होता. आता चंद्राला काय सांगायचं?

त्या वळल्या. घरातून, गेनूच्या शेजारून, मागच्या दाराने परसात उतरल्या. रुंद पानांच्या पहिल्या झाडाशी थांबल्या. वारा नव्हता. निरांजनाची ज्योत सरळ उभी होती. त्यांनी झाडाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग वाकल्या, आणि पानांच्या इतक्या जवळ तोंड नेऊन, की दारातल्या माणसाला ओठ हललेलेही कळू नयेत, तो धरून ठेवलेला प्रश्न विचारला.

"रखमा, माय काय म्हणाली रे धाग्याचं?"

काही झालं नाही. पानं हलली नाहीत. कडूबाईंना स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हा मागून आवाज आला. आवाज गेनूचाच होता, पण शब्द तो एकेक करून, कोणी पुढे सांगतंय तसे म्हणत होता.

"काळी लोकर सगळी तुझ्या घोंगडीत गेली, लेकरा. धागा पांढरा बांधला. पण बी काळ्याचं हाय. इसरू नको."

कडूबाईंनी मागे पाहिलं. गेनूची मान कलती होती आणि चेहरा भांबावलेला.

"हे काय, आक्के?" तो म्हणाला. "हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मला समजलं बी न्हाई."

"पुढं?" कडूबाई म्हणाल्या. "पुढं काय म्हणतो?"

तो ऐकत राहिला.

"म्हणतो, आक्काला सांग, मी इसरलो न्हाई. सांगायचं राहून गेलं."

चंद्र टेकायला आला होता. कडूबाईंनी गेनूच्या हातातली पिशवी काढून घेतली, ती खुंटीला अडकवली आणि त्याला दंडाला धरून पाटावर बसवलं. तो उठायला लागला तर म्हणाल्या, "हलू नको. कुंकू डोळ्यात जाईल." त्यांनी त्याच्या कपाळाला बोट लावलं. ओवाळताना नाव घ्यायचं असतं. कोणतं घ्यावं हे काही केल्या ठरेना, म्हणून त्यांनी दोन्ही घेतली.